टवका तेवढा राहू द्या

पटो न पटो, घडलंय हे. मी वाद्यांच्या दुकानात पुढच्या काउंटरवर बसतो, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ते मागच्या खोलीत आजही कामाला येतात.

सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. गिटारींचे डॉक्टर. वार मंगळवार, दुपारचे तीन. भुताखेतांची वेळच नाही ती.

त्यांची वहिनी आली. थोरला भाऊ जाऊन महिना झाला होता. अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. डॉक्टर शेवटचं तोंड बघायलाही गेले नव्हते.

वहिनींनी भावाची गिटार टेबलावर ठेवली.

"शनिवारी पोरीचा पहिला कार्यक्रम आहे, भावोजी. बापाचीच गिटार वाजवायची म्हणते. पोचे काढा सगळे. हा टवका तेवढा राहू द्या."

"का? तोच तर सगळ्यात वाईट दिसतोय."

"ह्यांनी सांगून ठेवलंय. बुजवायचा नाही."

डॉक्टरांनी नजर चुकवली. तो टवका त्यांनीच उडवला होता.

भांडणात. लाकूड तासायच्या पटाशीनं. आणि आईसमोर शपथ घेऊन सांगितलं होतं, की दादानंच रागाच्या भरात गिटारीवर पटाशी मारली, मग माझ्या अंगावर धावला. आईनं धाकट्याचं ऐकलं. दादाला घर सोडावं लागलं. आई गेली तेव्हाही कुणी त्याला कळवलं नाही.

असो. काम सुरू झालं.

पोचे सोपे. तिथं लाकूड दबलेलं असतं, तुटलेलं नसतं. ओलं फडकं ठेवायचं, वर छोट्या इस्त्रीचं तापलेलं टोक टेकवायचं. चर्रर्र... वाफ आत शिरते, लाकूड फुगून वर येतं. बुधवारी दुपारपर्यंत नऊच्या नऊ पोचे गेले.

उरला टवका. लाकूडच उडालेलं, वाफ काय करणार? तिथं थेंबथेंब गोंद भरायचा, सुकू द्यायचा, मग ब्लेडनं खरवडून सपाट करायचा.

"राहू द्या म्हणे," डॉक्टर पुटपुटले. "मेला तरी दादागिरी सुटली नाही."

आणि त्यांनी टवका भरला. वरून बोट फिरवलं, कुठं अडकलं नाही. खोलीला कुलूप लावून ते जेवायला पुढे आले.

आम्ही डबे उघडतोय तोच...

खट्.

एकदाच. आतून.

"मांजर असेल," मी म्हणालो. ते डबा तसाच टाकून उठले. कुलूप काढलं. खिडकी आतून बंद. मांजर नाही, माणूस नाही.

टवका होता.

गोंदाचा कणही नव्हता. जुना टवका घामामळानं काळा पडलेला होता. हा मात्र आतून पांढराफटक... आत्ताच उडवल्यासारखा.

गुरुवारी त्यांनी तो दोनदा भरला. दोनदा खट्. दुसऱ्या वेळी मीच आधी आत धावलो. ड्रॉवरमधली पटाशी टेबलावर पडली होती. धारेला लाकडाची एक बारीक साल चिकटली होती...

"तुम्ही काढून ठेवली होती का?" मी विचारलं.

"नाही रे बाबा." त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी म्हटलं, "सोडा ना नाद. वहिनींनी राहू द्या सांगितलंय, राहू द्या."

पण हट्टाला पेटलेला माणूस. शुक्रवारी चौथ्यांदा भरला आणि समोरच खुर्ची टाकून बसले. दुपारचं ऊन टेबलावर. पंखा चालू. नजर हलवायची नाही, असं ठरवून बसले.

मग पंख्याचा आवाज थांबला.

रस्त्यावरचे हॉर्न थांबले.

मान वर करून बघितलं, तर पंखा फिरतोय...

खट्.

टवका उडाला होता. आणि ते खुर्चीत नव्हते. गिटारीवर वाकून उभे होते. कधी उठले, आठवत नव्हतं.

पटाशी त्यांच्याच मुठीत होती.

पाच वाजता वहिनी आणि पुतणी आल्या. पोरीनं गिटार उचलली, टवक्यावरून हळूच बोट फिरवलं.

"काका, हे कुणी केलं?"

डॉक्टर सांगतात, त्या क्षणी मानेमागे कुणीतरी उभं होतं. श्वास रोखून... खरं काय ते ऐकायला थांबलेलं.

"तुझ्या बाबांनीच," ते म्हणाले. "भारी तापट होता."

मानेमागचा श्वास सुटला. लांब, दमलेल्या माणसाचा.

वहिनींनी पोरीला बाहेर पाठवलं. गिटार केसमध्ये ठेवली.

"ह्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, भावोजी एकदा तरी खरं बोलतील. म्हणून तर टवका ठेवायला सांगितला. मी म्हटलं होतं, कुत्र्याचं शेपूट, वाकडं ते वाकडंच."

आणि निघून गेल्या.

त्या दिवसानंतर मागच्या खोलीतून कधी आवाज आला नाही. डॉक्टर पोचे काढतात. टवक्याची गिटार आली की दुसरीकडे पाठवतात. कारण विचारलं, तर उजवा हात खिशात घालतात.

हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, अगदी खोट्या शपथेसकट. सांगताना ते लहान मुलासारखे रडले. मी म्हटलं, मला काय सांगताय, पुतणीला फोन करा. ते म्हणाले, उद्या करतो.

ह्याला दीड वर्ष झालं.

म्हणून मीच लिहून टाकलं. ती नेटवरचं हे पान वाचते का, मला माहीत नाही. पण हे लिहायला घेतल्यापासून माझ्या मानेमागे कुणीतरी श्वास रोखून उभं आहे...