मेलेल्यानं हलवलेला हात

"ह्यो आता मरनार बघा."

श्रीरामपूरच्या स्टँडवर पुणतांब्याच्या गाडीची वाट बघत ज्ञानेश्वरी मोबाईलवर इंग्रजी मालिका बघत होती. मागून आलेल्या या आगाऊ आवाजावर ती चिडणारच होती... तेवढ्यात पडद्यावरचा म्हातारा डॉक्टर खरंच कोसळला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"एडमंड हार्विक हाय त्यो. मालिका असू दे, न्हाईतर पिच्चर... उभी हयात मरन्यात गेली बिचाऱ्याची." पोरगा ओशाळं हसला. "मी पन तसलाच. गावच्या नाटकात पहिल्याच अंकात मरतो."

तो पुणतांब्याचा अंगद, श्रीरामपुरात बियाण्याच्या दुकानात कामाला. ती मिरजगावची, पुणतांब्यातच मावशीकडे राहून श्रीरामपूरच्या शाळेत शिकवायला आलेली. त्या दिवसापासून संध्याकाळच्या गाडीत खिडकीतून अंगदचा निळा रुमाल पडायचा, आणि तिची जागा धरली जायची. वाटभर हार्विकच्या गप्पा. रुमाल दिसला नाही की तिला करमेना, हे तिनं स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मग यात्रेतलं नाटक आलं. अंगद झोकात मेला. पण पुढं बसलेल्या झुंबरआत्याला भाच्याचं मरण बघवेना. "अंगद्या, ऊठ रं! गार फळीवर किती येळ निजशील?" ती हुंदके द्यायला लागली... आणि प्रेतानं डोळे न उघडता हात हलवला, 'बरा हाय मी' म्हणून! मांडवात हशा उसळला. नायकाचा शोक तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून रुमाल पडेना. अंगद मागच्या गाडीनं जायला लागला होता. ज्ञानेश्वरीनं दोन दिवस कळ काढली, आणि तिसऱ्या दिवशी त्याच मागच्या गाडीत स्वतःचा रुमाल टाकला.

"बसा," ती म्हणाली.

"नाटक सोडलं मी. लई हसं झालं."

"हार्विकला साठीत मोठी भूमिका मिळाली. कुणी विचारलं, इतकी वर्षं नुसतं मरून काय शिकलात? म्हणाला, पडल्या पडल्या दुसऱ्यांचं ऐकायला."

"मी आत्याचं ऐकलं, आन नाटक घालवलं."

"घालवलंच. पण मला तुम्ही... तिथंच आवडलात." तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. कान लाल झाले होते.

अंगदनं सीटवरचा तिचा रुमाल उचलून हातात घेतला.

"आन साठीपत्तोर मरतच ऱ्हायलो तर?"

"तर साठीपर्यंत मी जागा धरीन... तुझी."

कंडक्टरनं घंटी मारली. अंगदनं तिच्या रुमालाची नीट घडी घातली आणि परत न देता आपल्या खिशात ठेवली.