डावीकडून हं

सुट्टीच्या दिवशी शहाणी माणसं अंथरुणात लोळतात. ही शेकडो वेडी माणसं मात्र उजाडायच्या आत डोंगराच्या पायथ्याशी येऊन गुडघ्यांना मलम चोळत उभी होती. पायवाटेनं एकवीस किलोमीटर धावायचं, अर्धा चढ, अर्धा उतार, आणि शेवटी मिळणार काय, तर गळ्यात पत्र्याचं पदक. दादा दर वर्षी असाच यायचा. यंदा दादा नव्हता, म्हणून त्याची धाकटी बहीण आली होती, आणि ती आतून नुसती धुमसत होती.

धाकटी लिफ्ट दुरुस्त करायची. बंद पडलेल्या लिफ्टबद्दल माणसं काहीबाही बोलतात. तिच्या लेखी मात्र कुठेतरी ब्रेक झिजलेला असे, नाहीतर तार सैल पडलेली असे. कारण असतंच, आणि ते सापडेपर्यंत ती हातातला पाना खाली ठेवत नसे. दादाच्या मरणाचं कारणही तिला सापडलं होतं. ते कबूल करायला कुणी तयार नव्हतं, एवढंच.

मांडवात माइक घेऊन शर्यतीचा संयोजक उभा होता. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. कशाचा कॅप्टन, हे विचारायची सोय नव्हती.

"आपला हा मित्र गेल्या वर्षी स्वतःच्या नादात वाट चुकला," कॅप्टन भरल्या गळ्यानं सांगत होता. "त्याच्यापासून धडा घ्या. रिबिनींवर नजर ठेवा. आणि यंदा सगळ्यात शेवटी येणाऱ्याला त्याच्या नावाचा चषक! तो देणार आहेत त्याच्या मातोश्री."

टाळ्या पडल्या. मेल्या म्हशीला मणभर दूध, धाकटी मनात म्हणाली. पण खरी कमाल आईनं केली. खुर्चीतून अर्धवट उठून तिनं कॅप्टनला हात जोडले. "आमच्या पोरामुळे तुम्हाला फार त्रास झाला हो," ती म्हणाली. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटचा पोरगा गेला, वर माफीही आपणच मागायची!

डोंगरात वाट दाखवायला झुडपांना डाव्या अंगानं रंगीत रिबिनी बांधतात. शेवटच्या स्पर्धकाच्या मागून एक माणूस त्या सोडवत, पोत्यात भरत येतो. त्याला सगळे झाडूवाला म्हणतात. झाडूवाल्याचा नियम एकच, की त्याच्या मागे कोणी उरता कामा नये. गेल्या वर्षीचा झाडूवाला खुद्द कॅप्टन होता. तो पोतं घेऊन खाली आला, तेव्हा कुणीतरी दादाचं विचारलं. "मधूनच घरी गेला असेल," असं म्हणून त्यानं माइकवर सांगून टाकलं, "सगळे सुखरूप परत आले आहेत." दोन दिवसांनी दादा सापडला, दोन वाटा फुटतात त्या फाट्याच्या उजव्या अंगाला, कड्याच्या तळाशी.

रिबिनी लवकर काढल्या का, असं धाकटीनं त्याला वर्षभर विचारलं. त्यानं वर्षभर कानावर हात ठेवले. यंदा झाडूवाले दोन असावेत असा नियम झाला, तेव्हा तिनंच हात वर केला. कॅप्टन मोठ्या मनानं म्हणाला, "चल माझ्याबरोबर. मन हलकं होईल तुझं." तिला मन हलकं करायचं नव्हतं. आपलं लेकरू मूर्ख नव्हतं, एवढं आईला कळायला हवं होतं, आणि ते ह्या माणसाच्या तोंडून.

ऊन चढलं. सगळे कधीच पुढे गेले होते. शेवटचा होता एक निवृत्त पोस्टमन. तो टेकडीवरून टेकडीवर आपला पत्रं वाटत निघाल्यासारखा चालला होता. त्याच्या मागून ही दोघं. कॅप्टन गाठी सोडवायचा, धाकटी रिबिनी पोत्यात कोंबायची. यंदा रंग नारिंगी होता. आकाश लख्ख होतं, गवत वाळून पिवळं पडलं होतं, दूरवरचा दगडही स्पष्ट दिसत होता.

दादा नेहमी शेवटून पहिला. अरुंद वाटेवर मागून कुणी पुढे जायला निघालं की ओरडतं, "डावीकडून!" आणि पुढचा मागे वळूनही न बघता उजवीकडे सरकतो. हे इतकं अंगवळणी पडतं की माणूस बाजारातही सरकतो. दादा आयुष्यभर सरकत आला. स्वतः म्हणायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही, म्हणून तो घराच्या जिन्यात सराव करायचा. धाकटी हत्यारांची पिशवी घेऊन दमून चढत असली की मागून हळूच म्हणायचा, "डावीकडून हं." तो 'हं' त्याचा स्वतःचा. ओरडणं त्याला जमायचं नाही. "बेतानं रे, पोटातलं पाणी हलेल तुझ्या," असं म्हणत ती भिंतीला चिकटायची.

पाण्याचं टेबल मागे पडलं आणि तिला पहिल्यांदा आवाज आला. टिक. मग खडीचा चुरचुर आवाज. परत टिक.

ती थांबली. आवाज थांबला. मागे वाट उन्हात मोकळी पडली होती. पोत्याच्या पट्ट्याची कडी वाजत असेल म्हणून तिनं ती मुठीत धरली आणि चालू लागली. टिक, टिक. तिनं बाटली काढून कॅप्टनला दिली, खिसे चाचपले. आवाज तिच्या अंगावरचा नव्हता.

दादा घराची किल्ली बुटाच्या नाडीत ओवायचा. ती पावलागणिक अशीच वाजायची. पण ती किल्ली आता आईच्या पर्समध्ये होती.

"मागे कोणीतरी आहे," ती म्हणाली.

"दगड घरंगळला असेल."

"चढावर दगड खाली जातात. हा मागून वर येतोय."

कॅप्टननं मागे वळूनही पाहिलं नाही. तो भराभर गाठी सोडवू लागला, मग सोडवायचं टाकून ओरबाडू लागला. चोराच्या मनात चांदणं, ते भर दुपारी पडलं होतं. ह्यालाही ऐकू येतंय, हे धाकटीला कळलं. तिला भीती वाटायला हवी होती, पण रागानं भीतीला जागाच ठेवली नव्हती.

फाटा आला. पोस्टमन वळणाआड गेला होता. डावीकडची वाट डोंगराच्या धारेवर चढत होती, तिच्या तोंडाशी रिबीन फडफडत होती. उजवीकडे नुसता गवताचा उतार, बघायला जास्त सोपा. उताराच्या टोकाला एकदम आभाळ.

धाकटीनं रिबिनीवर हात ठेवला. "ही इथे असती तर तो चुकला असता?"

"आता कशाला—"

"असती तर चुकला असता का?"

टिक. आता अगदी मागच्या वळणाशी. वाऱ्यावर मलमाचा वास आला, दादा पोटऱ्यांना चोळायचा तो. कॅप्टनचा चेहरा घामानं निथळत होता.

"प्रमुख पाहुणे खोळंबले होते," तो एकदम बोलून गेला. "निघून जातो म्हणत होते. आणि तुझा भाऊ कासवासारखा! मी तरी किती थांबणार? मी त्याच्या पुढे गेलो."

"झाडूवाला पुढे गेला?"

"डावीकडून म्हणालो. तो सरकला. हसला पण. मग मी पुढच्या रिबिनी काढत गेलो. मला वाटलं, दर वर्षी येतो, वाट माहीत असेल त्याला."

हसला. दादा हसला असणारच. वाट दिली आणि हसला.

"हे खाली माझ्या आईसमोर सांगायचं. माइकवर. आज."

"वेडी आहेस का? सगळं बंद पडेल माझं." त्याचा आवाज पुन्हा मघासारखा, माइकवरचा झाला. "मी असं काही बोललोच नाही. काय पुरावा आहे तुझ्याकडे?"

तेवढ्यात मागून, अगदी मानेपाशी, कुणीतरी हळूच म्हणालं,

"डावीकडून हं."

कॅप्टन उजवीकडे सरकला. न बघता. सवयीनं.

वाटेवर कोणी नव्हतं.

"डावीकडून हं."

तो आणखी सरकला. त्याचे बूट गवतात गेले. डोळे समोर, मान ताठ, पाय आपले आपण चालत असल्यासारखे.

"डावीकडून हं."

आवाजात घाई नव्हती, राग तर नव्हताच. सगळा राग धाकटीकडे होता. कॅप्टन उतारावर एक एक पाऊल बाजूला सरकत चालला. तिला फक्त 'थांबा' म्हणायचं होतं. एवढासा शब्द. तो तिच्या जिभेवर आलाही. मग तिला हात जोडून उभी राहिलेली आई दिसली.

तिनं रिबिनीची गाठ सोडवली. रिबीन पोत्यात टाकली. डावीकडची वाट धरली.

मागून आरोळी आली नाही. गवताचा आवाज थोडा वेळ येत होता, मग तोही नाही. पुढची रिबीन. त्याच्या पुढची. धारेवर तिच्या डाव्या खांद्याला कसलीतरी झुळूक घासून गेली, आणि किल्लीचा आवाज तिच्या पुढे, उताराकडे, दूर दूर जात राहिला. पूर्वी कधी नव्हता इतका जलद.

खाली मांडवात पोस्टमन पाणी पीत बसला होता. "तुमच्या आधी एकजण गेला," तो कौतुकानं म्हणाला. "मला गाठलं अगदी टेकडीखाली. डावीकडून हं, म्हणाला. इतका खूश होता, जसा काही जन्मात पहिल्यांदाच कुणाच्या पुढे जातोय. इथे कुठे दिसत नाही मात्र."

पलीकडे आई चषक मांडीवर घेऊन बसली होती. तिची पर्स उघडी होती आणि ती आत काहीतरी शोधत होती. "अगं, किल्ली बघितलीस का?" ती धाकटीला म्हणाली. "आत्ता होती."

कॅप्टनच्या जागी माइक सांभाळणाऱ्या बाईंनी पोतं ताब्यात घेतलं. "सगळ्या काढल्या? मागे कोणी राहिलं नाही ना? आणि कॅप्टन कुठायत?"

धाकटीनं बुटांवरची धूळ झटकली.

"मधूनच घरी गेले असतील," ती म्हणाली.

बाईंनी मान डोलावली आणि माइक तोंडाशी धरला. "सगळे सुखरूप परत आले आहेत."