दुकान वाढवा

सोलापूरबाहेरच्या विणकर वसाहतीत घरं बांधत नसत, वाढवत. सिमेंट कुणालाच परवडेना, तेव्हा निघालेली ही युक्ती. सरकार प्रत्येक कुटुंबाला एक खोली, नाहीतर राहुटीभोवती नुसतं जोतं देई आणि त्या भिंतीत किंवा जोत्यात जीवमाती भरून देई. या मातीतले जिवाणू पाणी पिऊन चुना तयार करीत. मातीतल्या यंत्राला घरमालकिणीच्या आवाजात हुकूम मिळाला, की सांगितलेला भाग रातोरात पसरून दगडासारखा घट्ट होई. वाढ मात्र एकदाच.

पद्माबाई चिलवेरींच्या घराची माती बुधवारी सकाळीच जागी केली होती, आता ती हुकूम ऐकायला तयार होती. थोरल्या नागेशचं लग्न ठरलं होतं आणि मुलीकडच्यांची अट एकच, नव्या जोडप्याला वेगळी खोली हवी. शुक्रवार चांगला, तेव्हाच खोली मागायची असं पद्माबाईंनी ठरवलं.

त्याच दिवशी दिवेलागण उलटून गेली तरी त्यांचे यजमान मल्लेशम पुढच्या दुकानात गप्पा छाटत बसलेले. पद्माबाई आतून म्हणाल्या, "अहो, दुकान वाढवा आता."

मल्लेशमनी दुकान वाढवलं, म्हणजे फळ्या लावून आत आले. घरानेही वाढवलं. सकाळी बघतात तो दुकान रस्त्यापर्यंत ऐसपैस पसरलेलं, तीन बाजूंनी उघडं. खोलीची माती त्यातच संपली होती.

"बंद करा म्हणायचं ना," पाहणीला आलेल्या इंजिनीअर शबाना तांबोळी म्हणाल्या.

"चालत्या धंद्याला बंद म्हणू? नारळसुद्धा आपण फोडत नाही बाई, वाढवतो."

"माझी आजीही असंच म्हणायची. यंत्राला शिकवताना कुणाला आठवलंच नाही." शबानांनी साठ्याची यादी उघडली. "चूक आमची, म्हणजे भरपाईची माती तुम्हाला मिळेल. पण साठा एकाच घराचा उरलाय, समोरच्या राहुटीतल्या संगव्वाचा. तुम्ही हो म्हणालात तर तो तुमचा. तिला पुढची माती मुरेपर्यंत थांबावं लागेल. दोन वर्षं तरी."

पद्माबाईंच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. ते इतक्या सहज आलं याची त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण सोयरीक मोडली तर नागेशला काय सांगायचं?

तेवढ्यात कडेवर पोर घेऊन संगव्वाच चहापत्ती न्यायला आली. नवं दुकान तिने कौतुकाने हात लावून पाहिलं.

"भारी झालंय की ओ मावशी. आमची पण माती आलीय म्हणं. खोली कुठल्या अंगाला काढू, सांगा की?"