कस्तुरीचे नऊ सेकंद

आधी एक कोडं घालते. बातम्या वाचता वाचता एक मुलगी नऊ सेकंद गप्प बसली. डोळे उघडे, हातात कागद, नजर समोर. मग अर्धवट राहिलेलं वाक्य तसंच टाकून तिनं पुढची बातमी वाचायला घेतली. त्या नऊ सेकंदांत ती काय करत होती?

मला वाटलं, काहीच नाही. तिथंच माती खाल्ली मी.

आमच्या बार्शीतल्या शाळेची स्वतःची वाहिनी आहे. रोज सकाळी दहा मिनिटं आमच्या बातम्या गावभर दिसतात. कॅमेरा एक यंत्रमानव सांभाळतो. तो सगळं टिपून ठेवतो, म्हणून आम्ही त्याला टिपणीसकाका म्हणतो. बातम्या वाचायची कस्तुरी बारबोले आणि संपादन (नको तो भाग कापून चित्रफीत नीट जोडणं) बहुतेकदा माझ्याकडे, म्हणजे मुग्धाकडे. फार शहाणी समजायचे मी स्वतःला!

त्या मंगळवारी कस्तुरी थांबली आणि मला चेव आला. तिचं एक चित्र मी गोठवलं, खाली ‘कस्तुरी हँग झाली’ असं लिहिलं, मागं टूं-टूं आवाज टाकला आणि अख्ख्या शाळेला पाठवून दिलं. संपादन करणारी आणखी दोघं होती, म्हणून संपादकाच्या नावाची जागा मुद्दाम कोरी ठेवली, म्हणजे मी सापडणार नव्हते. दुपारपर्यंत पोरं तिला ‘हँग, हँग’ म्हणून चिडवायला लागली. “लक्ष कुठं असतं गं तुझं?” म्हणत बाईंनी तिला बातम्यांवरून काढलं. बुधवारपासून ती शाळेत आलीच नाही. आणि मी? मी सगळ्यांत जास्त हसले होते. हे सांगताना आजही माझे कान तापतात.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी कस्तुरीची आई आमच्या स्टुडिओत आली.

“टिपणीसकाका, मूळ चित्रफीत हवी होती हो,” काकू म्हणाल्या. “घरीपण ती अशीच मधे मधे थांबते. पण दवाखान्यात गेलं की अगदी धड! पोरं जे एकमेकांना पाठवतायत ना, ते मी डॉक्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, अहो, हे तर एकच चित्र आहे. यातून मला काय कळणार?”

“मूळ चित्रफीत शिल्लक आहे,” टिपणीसकाका त्यांच्या सरकारी आवाजात म्हणाले. “आठवडाभर ठेवतो. आज पाच वाजता पुसली जाईल. मुलांची चित्रं बाहेर द्यायला त्या दिवसाच्या संपादकाची सही लागते. संपादकाचं नाव कोरं आहे.”

साडेचार वाजून गेले होते. काकू मटकन खुर्चीत बसल्या. “मग आता मी कुणाला विचारू?”

मी कोपऱ्यात वायर गुंडाळत होते. गुंडाळतच राहिले. वाटलं, गुपचूप दारातून सटकावं. कुणाला कळणार होतं? पण काकूंच्या हातातली फाइल दिसली, वर कस्तुरीचं नाव लिहिलेली, आणि पायच उचलेनात.

“काकू, ते मी केलंय,” मी म्हणाले.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तू? अगं मुग्धा, ती तर घरी सांगायची, मला भीती नाही वाटत, माझं काही चुकलं तर मुग्धा कापून टाकते.”

मान खाली घालून मी सही केली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की टिपणीसकाकांनी ते दोनदा तपासलं.

चित्रफीत घेऊन काकू मला डॉक्टर तांबोळींच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथं कस्तुरी भिंतीकडे तोंड करून बसली होती. डॉक्टरांनी पडद्यावर चित्रफीत लावली आणि मला विचारलं, “हे चित्र हलतंय का गं?”

“हो.”

“मुळीच नाही! तुमचा कॅमेरा सेकंदाला पंचवीस स्थिर चित्रं काढतो. त्या एकेका चित्राला चौकट म्हणतात. ती भराभर समोरून गेली की आपल्याला हालचाल दिसते. मग नऊ सेकंदांत किती चौकटी?”

“दोनशे पंचवीस.”

“आणि तू किती दाखवल्यास?”

“एक,” मी म्हणाले.

डॉक्टर एकेक चौकट पुढं सरकवू लागल्या. आणि अगंबाई, कस्तुरीच्या पापण्या हलत होत्या! किंचित खाली, परत वर. साधारण दर आठ चौकटींनी, पुन्हा पुन्हा तेच.

“पंचवीस भागिले आठ?”

“तीन आणि थोडं.”

“म्हणजे सेकंदाला तीनदा. असं मुद्दाम कोण करेल? मला वाटतं, तेवढा वेळ हिच्या मेंदूतले विजेचे संदेश एकाच तालात सुटतात आणि हिचं भान जातं. फिटचा (अपस्माराचा) हा एक छोटा प्रकार असावा. उद्या डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढू आणि समोर कॅमेरा ठेवू, दोन्ही एकाच घड्याळावर. रेघ उसळली त्या क्षणी पापणी काय करते, ते शेजारीशेजारी दिसेल. मग खात्री होईल.”

कस्तुरी पहिल्यांदाच वळली. “म्हणजे माझं लक्ष असतं?”

“असतं गं बाळा. फक्त तेवढे सेकंद तुझ्या हातात नसतात. आणि यावर औषध आहे, बहुतेक मुलांना आराम पडतो.”

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी कस्तुरीजवळ गेले आणि माफी मागितली. ती म्हणाली, “इथं नको. कॅमेऱ्यासमोर माग. माझा आजार सांगायचा नाही, तू काय केलंस ते सांगायचं. आणि कापायचं काही नाही.”

डॉक्टरांची शंका खरी निघाली. औषध सुरू झालं आणि महिन्याभरानं कस्तुरी बातम्यांच्या खुर्चीत परत आली. त्या दिवशी बातम्या थेट दाखवल्या आणि पहिली बातमी माझी होती. “कस्तुरीचं ते चित्र मी...” एवढंच बोलले आणि पुढं शब्दच फुटेना. नाक वाहायला लागलं, ते बाहीला पुसलं. अख्खं गाव बघत होतं.

प्रसारण संपल्यावर टिपणीसकाकांनी विचारलं, “मधला अकरा सेकंदांचा भाग गप्प आहे. साठवताना कापू?”

मी कस्तुरीकडे बघितलं. तिला हसू आवरत नव्हतं.

“नको,” मी म्हणाले, “दोनशे पंच्याहत्तरच्या दोनशे पंच्याहत्तर चौकटी राहू द्या.” आणि संपादकाच्या जागी माझं नाव लिहिलं.