पोटातला डोईफोडे

तपासणीच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या होत्या आणि त्यांवर बसलेल्या दोघांच्या पोटांना रुंद, करडे पट्टे बांधले होते. एका खुर्चीत वीरेश कलशेट्टी होता. सोलापुरात त्याचं रंगांचं दुकान होतं आणि पित्ताशयात खडे होते. दुसऱ्या खुर्चीत त्याची बायको भाग्यश्री, भूजल कार्यालयात नकाशे करणारी. भिंतीवरच्या पडद्यावर एक निळी आणि एक केशरी अशा दोन रेषा सरकत होत्या, एकमेकींची ओळख नसल्यासारख्या.

"जुळत नाही ओ," लयतज्ज्ञ बिराजदार म्हणाले.

"जुळत नाही म्हणजे? नवरा-बायको आहोत आम्ही," वीरेश म्हणाला, जणू ही गोष्ट पट्ट्याला कुणी सांगायची राहिली होती.

शल्यविशारद डॉ. शबाना मुजावर यांनी खुर्ची ओढून घेतली. "कलशेट्टी, नीट ऐका. तुमचं पित्ताशय दुर्बिणीतून काढायचंय. बेंबीपाशी एक छिद्र, वर दोन बारीक छिद्रं. पोटात वायू भरायचा, म्हणजे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. एका छिद्रातून दुर्बीण, बाकीच्यांतून माझ्या यंत्राच्या सूक्ष्मभुजा."

"ते समजलं."

"पूर्वी यासाठी पूर्ण भूल द्यायचो. तुमच्या पायाच्या ऑपरेशनला भूल दिली तेव्हा तुमचं हृदय अडखळलं होतं, म्हणून ती वाट बंद. नुसतं पोट बधिर करायचं, तर तुम्ही जागे राहणार आणि आतडीही जागी राहणार. ती वळवळायला लागली की माझी भुजा पित्तनलिकेऐवजी भलतीकडेच लागायची. म्हणून आतडी शांत ठेवायला आपण आंत्रलय वापरतो."

"आतड्यांना मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतंय," बिराजदारांनी पुढचा धागा उचलला. "मेंदूला न विचारता ते कारभार करतंय. त्याची एक लय असते. दोन माणसं समोरासमोर बसून, एकमेकांच्या घासाकडे बघत महिना-दोन महिने जेवली, की त्यांची लय एक होते. बाळाला भरवताना आईचंही तोंड उघडतंय, बघितलाय की तुम्ही? तसंच ते आत, खोलवर. मग अशा जुळलेल्या माणसाची शांत लय पट्ट्यातून पेशंटला दिली, की आतडी ती आपलीच समजतात आणि निमूट पडून राहतात. परक्याची दिली तर झुगारतात."

"मग आमची का नाही जुळली? वीस वर्षं हिच्या हातचं जेवतोय मी!"

"हातचं जेवता," डॉ. मुजावर म्हणाल्या. "सोबत कधी जेवता?"

वीरेशने भाग्यश्रीकडे पाहिलं. भाग्यश्रीने छताकडे. रोज रात्री तव्यावरची भाकरी फुगली की ती थेट त्याच्या ताटात पडायची, वाफेसकट. त्याचं जेवण झालं की ती ओट्याशी उभ्याने नाहीतर खाली बसून जेवायची आणि तोवर तो बातम्यांपाशी गेलेला असायचा. बायकोवर आपलं किती प्रेम आहे, हे तो मित्रांना भाकरीच्या तापमानावरून पटवून देत असे.

"मॅडमची लय मात्र एकदम तयार आहे ओ," बिराजदार कौतुकाने म्हणाले. "अशी गोल, सवयीची. दुपारच्या वेळेला चढतेय. कुणाशी तरी जुळलेली..." डॉक्टरांनी डोळे वटारले तेव्हा ते थांबले, पण वाक्य खोलीभर होऊन गेलं होतं.

गाडीत बसेपर्यंत वीरेशने धीर धरला.

"दुपारी कोण असतं?"

"डोईफोडे असतात."

"कोण डोईफोडे?"

"शेजारच्या टेबलावरचे. चारदा सांगितलंय मी तुम्हाला. तुम्ही ऐकत नसता त्याला मी काय करू?"

"एकाच डब्यात जेवता?"

"दोन डबे असतात हो. भाजी फक्त मधे ठेवतो."

भाजी मधे! वीरेशला रात्रभर त्या भाजीचा डबा दिसत राहिला. डबा त्याने स्वतः बार्शीच्या जत्रेतून आणला होता. झाकण घट्ट बसतं म्हणून मुद्दाम.

डॉक्टरांनी उपाय सोपा सांगितला होता. खडे अजून दोन महिने कळ काढू देतील, तोवर दोघांनी रोज समोरासमोर बसून जेवायचं. घरी हे दोन दिवस चाललं. भाग्यश्री पहिला घास घेई, भाकरी फुगे, ती उठे. "सगळ्या भाकऱ्या आधी करून ठेव" हे वाक्य वीरेशच्या जिभेपर्यंत आलं नाही. गार भाकरी ही त्याच्या मते विधुरांनी खायची वस्तू होती. त्यापेक्षा दुपारी कार्यालयातच गेलं तर? जेवणही होईल आणि नजरही राहील. दुसरं कारण त्याने बायकोला सांगितलं नाही. तिला ते सांगावं लागलं नाही.

नचिकेत डोईफोडे पन्नाशीचा, एकटा राहणारा, किडकिडीत माणूस होता. वीरेशला पाहून तो इतक्या घाईने उठला की खुर्ची पडली.

"या की, वीरेशराव! बसा. पथ्याचं आणलंय ना? तेलकट नको हं."

याला माझं पथ्य कुणी सांगितलं, हा प्रश्न वीरेशने भाकरीबरोबर गिळला.

तो भाग्यश्रीसमोर बसायला आला होता, पण बसला डोईफोडेसमोर, कारण तिथून हात नीट दिसत. डोईफोडेचा हात दोडक्याच्या भाजीकडे निघाला की वीरेशचा निघे. डोईफोडे घास चाळीसदा चावे. वीरेश आयुष्यभर गिळत आला होता, पण आधी संपवलं तर उठावं लागेल आणि मग मागे काय होईल कोण जाणे, म्हणून तोही चावू लागला. डोईफोडे पाणी प्यायला की हा प्यायचा. आणि एवढं रोखून पाहिलं जात असताना डोईफोडे तरी दुसरीकडे कुठे पाहणार? तोही वीरेशकडेच पाही. भाग्यश्रीकडे तो चुकूनही पाहत नसे. वीरेशच्या लेखी याहून मोठा पुरावा नव्हता. पोटात छातीखाली एक आच लागे, ती जेवण संपलं तरी विझत नसे. पित्ताची कळ उजवीकडून पाठीत जाई. ही वेगळी होती, ही मधोमध बसून राही.

"तुम्हा दोघांचं चाललंय तरी काय?" एकदा भाग्यश्री म्हणाली. "मी पण आहे इथे."

दोघेही "हो हो" म्हणाले आणि एकमेकांकडे पाहत राहिले. त्यानंतर ती खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहत जेवू लागली.

दुसऱ्या तपासणीच्या आधीच्या आठवड्यात वीरेशला अशी कळ आली की दुकानात तो रंगाच्या डब्यांवर आडवा झाला. एक खडा नलिकेच्या तोंडाशी येऊन बसला होता. डॉ. मुजावर म्हणाल्या, आता थांबणं नाही.

पट्टे बांधले गेले. निळी रेषा, केशरी रेषा. बिराजदारांनी बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"मॅडमशी नाही. पण ह्यांची लय बदललीय बघा. सावकाश झालीय, गोल झालीय. जेवताना तुम्ही कुणाकडे बघत होता ओ?"

उत्तर भाग्यश्रीने दिलं. "डोईफोडेंकडे."

डोईफोडेला बोलावलं. तो तासाभरात आला आणि खुर्चीत बसला. पडद्यावरच्या दोन रेषा क्षणभर घोटाळल्या आणि मग एकीवर एक अशा पडल्या की बिराजदारांना एक रंग बंद करून पाहावं लागलं. त्यांनी हौसेने भाग्यश्रीची आणि डोईफोडेचीही ताडून पाहिली. ती जुळणी तुटली होती. भाग्यश्रीची लय आता कुणाशीच जुळत नव्हती.

बायकोचं दुपारचं खातं आपण बंद पाडलं याचा आनंद वीरेशला झाला, आणि तो लपवण्याइतकं त्याचं तोंड तयार नव्हतं. भाग्यश्रीने ते पाहिलं आणि पर्स उघडून उगाच काहीतरी शोधलं.

"ह्याच्या लयीवर माझं पोट चालवणार तुम्ही?" त्याने डॉक्टरांना हळूच विचारलं.

"चालवणार नाही, थांबवणार. एक मात्र लक्षात ठेवा. दात्याच्या, म्हणजे लय देणाऱ्याच्या, पोटात जे होईल ते तुमच्या पोटात होतं. तो घाबरला तर गोळा तुम्हाला येणार. म्हणून दाता शांत हवा, आणि हा माणूस घास चाळीसदा चावतो. तुम्हाला दुसरा पर्याय हवा असेल तर तो म्हणजे भूल, आणि तुमचं हृदय. बोला."

"माझं काय जातंय?" दारातून डोईफोडे म्हणाला. "नुसतं पडून तर राहायचंय, वीरेशराव."

शस्त्रक्रियेच्या दिवशी दोन खाटा शेजारी होत्या. मधे कमरेइतका हिरवा पडदा. दात्याला धीर म्हणून ओळखीचं एक माणूस आत घेत, म्हणून भाग्यश्री टोपी आणि झगा घालून स्टुलावर होती. वीरेशचं पोट बधिर झालं. मग वायू आत येऊ लागला. दुखत नव्हतं, पण आपलं पोट आपल्या डोळ्यांदेखत लग्नातल्या मांडवासारखं वर चाललंय, हे पाहणं विचित्र होतं.

"खांदा दुखायला लागेल," डॉ. मुजावर म्हणाल्या. "वायू श्वासपटलाला टोचतो आणि मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. घाबरायचं नाही. वर दुर्बिणीच्या पडद्यावर बघा. हे तुमचं यकृत. आणि त्याच्याखाली लपलेलं, ते हिरवट."

वीरेशने आपलं पित्ताशय पाहिलं. इतका त्रास देणारी वस्तू एवढीशी असावी याचा त्याला थोडा अपमान वाटला. खाली आतडी वळवळत होती.

"बिराजदार, लय द्या."

पट्टा कोमट झाला आणि वीरेशच्या पोटात डोईफोडे उतरला. दुसरा शब्द नव्हता. पडद्यावरची आतडी थकलेल्या मांजरासारखी पसरली. भाग्यश्री त्या वेळी डोईफोडेच्या खाटेशी बसली होती, अगदी जवळ, आणि हे दिसत असूनही वीरेशच्या छातीखालची ती आच लागली नाही. त्याने त्या आचेची वाट पाहिली. तिच्या जागी काहीतरी निवांत, उन्हात वाळलेल्या चादरीसारखं होतं.

"उत्तम," डॉक्टर म्हणाल्या. "आता नलिका मोकळी करते. इथे मला अजिबात हालचाल नको."

भुजेच्या टोकाने पित्तनलिकेवरचा पातळ पापुद्रा सोलायला सुरुवात केली. वीरेशचा खांदा ठणकू लागला आणि तो कण्हला. ते ऐकून भाग्यश्री उठली, हिरव्या पडद्याला वळसा घालून त्याच्याकडे आली आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

"अहो, दुखतंय का?"

तेवढ्यात छातीखाली, मधोमध, आच लागली.

ती त्याने लगेच ओळखली. दोन महिने रोज दुपारी हीच होती. पण तिचा हात तर त्याच्याच हातात होता! जळायला समोर कुणीच नव्हतं. त्याने मान वळवली. हिरव्या पडद्याच्या वरून डोईफोडेचं डोकं दिसत होतं. तो छताकडे पाहत होता, अगदी शांत चेहऱ्याने, जेवतानासारखाच भाग्यश्रीकडे चुकूनही न पाहता.

पडद्यावरची आतडी उसळली. डॉ. मुजावरांनी भुजा जागच्या जागी रोखली. "लय चढली! नलिकेला लागलं असतं आत्ता. डोईफोडे, काय झालं?"

"काही नाही ओ. ठीक आहे मी."

तो खोटं बोलतोय हे खोलीतल्या एकाच माणसाला कळत होतं. आच वाढत होती, आणि तिची दिशा आता वीरेशला स्वच्छ दिसत होती. जगात त्याचा इतका मत्सर कुणी कधी केला नव्हता. त्याला आधी अभिमान वाटला. मग दुसरी लाट आली आणि अभिमानाला जागा उरली नाही.

"लय उतरत नसेल तर मला बाहेर यावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तो खडा थांबणार नाही. बिराजदार?"

"खालीच येईना ओ."

वीरेशने बायकोच्या हाताकडे पाहिलं. असा हात तिने शेवटचा कधी धरला होता ते त्याला आठवेना. तिने धरला नव्हता की आपण दिला नव्हता, हेही. तो सोडायची त्याची मुळीच इच्छा नव्हती, आणि जितका घट्ट धरावा तितकी आतडी वर येत होती.

"तिकडे बस तू," तो म्हणाला.

"काय?"

"तिकडे बस. डोईफोडेजवळ. मला पडदा बघायचाय, तुझं डोकं मधे येतंय."

"आत्ता हे सुचतंय तुम्हाला?"

"जा म्हणतो ना, भाग्यश्री. बस त्यांच्याजवळ. बोल काहीतरी."

ती गेली. स्टूल सरकल्याचा आवाज आला. ती कार्यालयातल्या कुठल्याशा चुकीच्या नकाशाबद्दल बोलू लागली. आच ओसरली. आतडी पुन्हा पसरली, भुजा हलली आणि त्या हिरवट पिशवीची देठापासून सुटका झाली. वीरेश पाहत होता, पण त्याचं लक्ष पोटात होतं. तिथे जे काही होतं ते फार सुरेख होतं. वीस वर्षं भाग्यश्री त्याच्याच घरात वावरत होती. तिच्या नुसत्या शेजारी असण्याने माणसाला असं वाटू शकतं, हे त्याला दुसऱ्याच्या आतड्यांतून कळत होतं.

"झालं," डॉ. मुजावर म्हणाल्या. "वायू सोडा. बिराजदार, लय बंद."

वीरेश घाबरला. "थोडा वेळ राहू द्या की," तो म्हणाला. "नाही म्हणजे, खांदा दुखतोय अजून."

"खांद्याचा आणि लयीचा संबंध नाही, कलशेट्टी."

बिराजदारांनी कळ दाबली. पट्टा गार पडला आणि वीरेशच्या पोटात वीरेश परत आला. पडद्यापलीकडे भाग्यश्री अजून नकाशाबद्दलच बोलत होती आणि डोईफोडे हळू आवाजात हसत होता. छातीखाली, मधोमध, आच लागली. त्याने ती मघाचशीशी ताडून पाहिली. तीच होती, जराही कमी-जास्त नाही. फक्त आता ती त्याची स्वतःची होती, आणि डोईफोडेला ती कळत नव्हती.