झगमगरावांचा आवाज

कोटाच्या पिसांतून माईकची वायर ओवताना तिचा हात त्याच्या हाताला लागला आणि ती दचकली. बर्फासारखा गार.

"थंडी वाजतेय?" तिने विचारलं.

"कोटाला वाजतेय. मी नुसती साथ देतोय."

लोक त्याला झगमगराव म्हणत. निळ्या पिसांचा कोट, सोनेरी बूट, निम्मी गाणी नि निम्म्या नकला. आज दुपारच्या एकाच प्रयोगात त्याच्या मैफलीचं चित्रपटासाठी चित्रीकरण होणार होतं. ती ध्वनिमुद्रक, नेहमीचा माणूस आजारी पडला म्हणून सकाळी घाईने बोलावलेली. ओळख दहा मिनिटांची, पण तेवढ्यात त्याने तिला तीनदा हसवलं होतं. आणि तिसऱ्यांदा तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं...

आपल्या टेबलाशी बसून तिने हेडफोन चढवले. त्याचा माईक चालूच होता. दार लागल्याचा आवाज आला, आणि मग नुसता श्वास. भराभर, तुटक. कपडेपट सांभाळणारी त्याची ताई त्याला समजावत होती, की घशाची शस्त्रक्रिया होऊन आठ महिने झाले, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे.

"ताई, मधेच आवाज गेला तर? सहा कॅमेऱ्यांपुढे?"

हेडफोन लावून बसलेल्या तिने हे ऐकायला नको होतं.

पहिली घंटा झाली. कानात खट्ट झालं आणि सगळं शांत. त्याने माईक बंद केला होता. पळाला की काय? ती धावतच कपडेपटाच्या खोलीत शिरली. तो खिडकीशी उभा होता, कोट निम्मा उतरवलेला. ताई रडवेली झाली होती.

"माईक चालू होता," तिने सांगून टाकलं. "मी सगळं ऐकलं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मग कळलंच असेल — झगमग फक्त कोटाची आहे."

"मागच्या कामात माझ्या हातून अख्खं गाणं मुद्रित व्हायचं राहिलं," ती म्हणाली. "त्यानंतरचं हे पहिलंच काम. सकाळपासून घशाखाली घास उतरलेला नाही. आपण... दोघं मिळून घाबरू या का?"

तो हसला. कोट पुन्हा चढवला.

तीन गाणी सुखरूप पार पडली. चौथ्यात, वरच्या सुरावर, आवाज फाटला. त्याची नजर भिरभिरत तिला शोधू लागली. ती जागेवरून उठून उभी राहिली, एवढंच.

"मंडळी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आवाज जरा बाहेर गेलाय. तोवर त्याचे आजोबा गातील."

हशा उसळला. उरलेली मैफल त्याने आजोबांच्याच आवाजात रेटून नेली.

पडदा पडला तेव्हा मात्र त्याच्या तोंडून नुसती हवा येत होती. डॉक्टरांनी तिथेच येऊन तपासलं. आठ दिवस एक शब्दही बोलायचा नाही; पुढे आवाज पूर्वीसारखा होईल की नाही, ते तेव्हाच कळेल. ताई तोंड फिरवून कोटाची घडी घालू लागली. तो भिंतीकडे बघत बसला.

गळ्यात हेडफोन तसेच ठेवून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आवाज येवो, न येवो," ती म्हणाली, "मला तुम्ही आवडलात. तुम्ही... कोट नव्हे."

त्याने घाईने तोंड उघडलं. तिने झटकन त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.

"बोलायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. मान हलवलीत तरी चालेल."

त्याने मान हलवली. एकदा नव्हे, चांगली चारदा.