सिनेटरचा ड्रॉवर

चहा घ्या आणि जरा गप्प बसा. रेयांश, तो मोबाइल उलटा ठेव. तहसीन, मागचा दिवा राहू दे बंद. हे मी ऐकीव सांगत नाहीये. यतीन माझा वीस वर्षांचा मित्र, आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. इथेच आखातात, याच इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, आपल्या डब्यांच्या किचनपासून दोन गल्ल्या पलीकडे.

गुरुवार होता. २०२४, फेब्रुवारीची बावीस. संध्याकाळी सहाला यतीन ऑफिसात एक चार्ट घ्यायला गेला. बस, एवढंच काम. त्याची मुलगी पर्णिका, दहा वर्षांची, अमेरिकन सिलॅबसच्या शाळेत. तिथे दरवर्षी एक कार्यक्रम असतो. मुलं जुन्या काळच्या मोठ्या माणसांचे कपडे घालून पुतळ्यासारखी उभी राहतात. हाताच्या पाठीवर लाल कागदाचं गोल बटण. आपण ते दाबलं की पुतळा बोलायला लागतो, मी अमुक, माझा जन्म अमुक साली. पर्णिकाच्या वाट्याला आला होता सिनेटर थॉर्नबरी. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती, तेव्हाचा.

आता आपल्या लोकांत मुलांचे प्रोजेक्ट मुलं करतात का? आईबाप करतात. आणि बापाची कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी असली तर त्याचा ड्राफ्ट्समन करतो. यतीनचा ड्राफ्ट्समन यहया. श्रीवर्धनचा. डबा माझ्याकडचा, मासे असले की दोन भाकऱ्या जास्त. गुणी माणूस.

यहयाने जीव ओतून केलं. दोर वळणाऱ्याचा मुलगा थॉर्नबरी वकील कसा झाला, असेंब्लीत कसा निवडून आला, मग दोनदा सिनेटर. कुणालाही मनाविरुद्ध डांबून ठेवू नये, या त्याच्या भाषणावर लोक रडायचे म्हणे. पण वाचता वाचता यहयाला पुढचंही सापडलं. ती भाषणं लिहायचा गॅब्रिएल. थॉर्नबरीचा गुलाम. एवढं भाषण झालं की तुझ्या सुटकेचे कागद देतो, असं थॉर्नबरी त्याला अकरा वर्षं सांगत राहिला. कागद तयार होते, सहीसकट. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. गॅब्रिएल मेला तेव्हाही तिथेच.

यहयाने चार्टवर खरोखर उघडणारा छोटा कागदी ड्रॉवर केला. आत घडी घातलेले सुटकेचे कागद. यतीन बघून म्हणाला, "हे निगेटिव्ह नको यार, मार्क्स जातील. चिकटवून टाक."

यहयाने चिकटवला.

त्याच आठवड्यात श्रीवर्धनहून फोन आला, अम्मीचं काही खरं नाही. यहयाने पासपोर्ट मागितला. सगळ्यांचे पासपोर्ट यतीनच्या लॉकरमध्ये. कायद्याने ठेवायचे नसतात, तरी इथले मालक ठेवतात. यतीन म्हणाला, "सोमवारचं ड्रॉइंगचं सबमिशन होऊ दे, चार्ट होऊ दे, मग जा ना. इन्शाल्ला काही होत नाही." अम्मी शनिवारी गेली. यहयाने मंगळवारी चार्ट संपवला, टेबलावर ठेवला, रूमवर जाऊन झोपला. सकाळी उठलाच नाही. छत्तीस वर्षांचा होता. मला यतीनचा राग येतो. आजही येतो.

"अंकल, पण यतीन अंकल तर किती नाइस आहेत."

आहे ना. मी कुठे नाही म्हणतोय? ऐक पुढे, रेयांश.

तर त्याला नऊ दिवस झाले होते. चार्ट तसाच यहयाच्या टेबलावर. यतीनने उचलला, गाडीत टाकला, सातला शाळेच्या हॉलमध्ये. पर्णिका कोट आणि पांढरा विग घालून उभी, मागे चार्ट. लोकांनी बटण दाबलं, तिने फाडफाड इंग्लिशमध्ये भाषण म्हटलं. सगळं छान.

मग यतीनने दाबलं.

ती गप्प.

त्याने परत दाबलं. पर्णिकाला मराठी येतं ते आजीशी फोनवर 'कशी आहेस' विचारण्यापुरतं. ती पापणी न हलवता स्वच्छ मराठीत बोलली. आवाज पुरुषाचा. थकलेला.

"सर, चार्ट झाला... आता द्या ना."

यतीनने बटणावरचं बोट मागे घेतलं.

"पासपोर्ट, सर... अम्मी वाट बघतेय."

शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, काय सुंदर इंग्लिश बोलते तुमची मुलगी.

गाडीत पर्णिका हात चोळत म्हणाली, "डॅडी, व्हाय डिड यू प्रेस इट सो मेनी टाइम्स? इट हर्ट."

त्याने दोनदाच दाबलं होतं.

रात्री अकरा चाळीसला कराडहून भावाचा फोन. आई सिरियस. मिळेल त्या विमानाने ये. पहाटे चार दहाच्या फ्लाइटचं तिकीट मिळालं. पासपोर्ट ऑफिसच्या लॉकरमध्ये. त्याच दुपारी दोन वाजता त्याने तो स्वतःच्या हाताने ठेवला होता. चावी खिशात. यल्ला, निघाला.

लॉकर उघडला. अठ्ठावीस माणसांचे पासपोर्ट. सगळे जागच्या जागी.

त्याचा नव्हता.

दीडला मला फोन केला. मी गेलो. आम्ही फाइली काढल्या, कार्पेट उचललं. तीन वाजले. चार वाजले. एसी बंद होता, तरी खोली थंड. आणि गोंदाचा वास... ओल्या गोंदाचा. यहयाच्या टेबलाकडून.

मी बघितलं. टेबल रिकामं.

विमान गेलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. यतीनने घेतला. ऐकला. खाली ठेवला... आई गेली होती.

तो उठून यहयाच्या टेबलापाशी गेला. मग मला म्हणाला, "अण्णासाहेब, गाडीतून तो चार्ट आणा."

आणला. दिव्याखाली धरला. कागदी ड्रॉवर फुगलेला होता. गोंद जुना. वाळून पिवळा पडलेला. मी चारही कडांवरून नख फिरवलं. कुठेही फुटलेला नव्हता.

ब्लेड माझ्याच हातात होतं.

आत पासपोर्ट. यतीनचा.

सकाळी सातला त्याने अठ्ठावीसही पासपोर्ट ज्याचे त्याला दिले. हात जोडून दिले. उशीर झाला होता, पण दिले. तो चार्ट माझ्याकडे आहे. वर, पिठाच्या गोणींमागे. कधीतरी काढून बघतो.

यहयाने त्या ड्रॉवरमध्ये गॅब्रिएलच्या सुटकेचे कागद ठेवले होते ना... चिकटवताना मी तिथे डबा घेऊन उभा होतो. आतच होते.

त्या पहाटे नव्हते.